ऑनलाइन बुद्धिबळासाठी स्क्रीन किती मोठी हवी?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे एका मुलीचे वडील, ४७ वर्षांचे. रोज रात्री जेवणं उरकली की लॅपटॉपवर ब्लिट्झचे, म्हणजे तीनेक मिनिटांचे झटपट डाव खेळतात. पट मोठा दिसावा म्हणून त्यांनी त्याच टेबलावर ३२ इंची मॉनिटर आणून ठेवला, तर रेटिंग वाढायचं सोडून घसरलं आणि मान दुखायला लागली ती वेगळीच. मुलगी १२ वर्षांची. ती मोबाईलवर खेळते आणि लांबून येणारा उंट तिला हमखास दिसत नाही. मॉनिटर विकून टाकावा का, मुलीला टॅब घेऊन द्यावा का, आणि मुळात बुद्धिबळासाठी योग्य स्क्रीन किती इंची, असं त्यांनी विचारलं आहे.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, आणि शाळेत असल्यापासून बुद्धिबळाच्या स्पर्धाही खेळत आले आहे. माझ्याकडे नंबर तपासायला बुद्धिबळ खेळणारी मुलं आणि त्यांचे आईवडील बरेच येतात. हा प्रश्न त्यामुळे माझ्या रोजच्या कामातलाच आहे, आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे असं मला मनापासून वाटतं. खेळाडू ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींवर, तासन् तास घालवतात आणि ज्या डोळ्यांनी पट पाहायचा त्यांच्याकडे डोकं दुखेपर्यंत कुणी लक्ष देत नाही.

सगळ्यात आधी इंच बाजूला ठेवा. डोळ्याला पट केवढा दिसतो हे पटाची रुंदी आणि तुमचं अंतर या दोन्हींवर मिळून ठरतं, आणि ते अंशांत मोजतात. हिशेब करून पाहू. साडेसहा इंची मोबाईल उभा धरला तर पट साधारण ६.८ सेंटीमीटर रुंद येतो, म्हणजे एक घर साडेआठ मिलिमीटरचं. ३० सेंटीमीटरवरून हा पट १३ अंशांचा दिसतो. १५.६ इंची लॅपटॉपवर ब्राउझरच्या पट्ट्या वगैरे जाऊन पट १६ सेंटीमीटरचा उरतो. ५५ सेंटीमीटरवरून तो साडेसोळा अंशांचा. २४ इंची मॉनिटरवर २५ सेंटीमीटरचा पट आणि ६५ सेंटीमीटर अंतर धरलं तर २२ अंश. आणि तुमचा ३२ इंची मॉनिटर? पूर्ण उंचीभर पसरलेला पट ३५ सेंटीमीटरचा होतो. त्याच टेबलापाशी ५० सेंटीमीटरवर बसलात तर तो जवळजवळ ३९ अंश व्यापतो. मोबाईलच्या तिप्पट.

टीव्हीचं उदाहरण तर मी प्रत्येकाला देते. ४३ इंची टीव्हीवर ४६ सेंटीमीटरचा पट लावून अडीच मीटरवर सोफ्यात बसलात, तर तो साडेदहा अंशांचा दिसतो. हातातल्या मोबाईलपेक्षा लहान! मोठी स्क्रीन म्हणजे मोठा पट हे समीकरण इथेच मोडतं.

घरी कोनमापक लागत नाही. हात समोर ताठ धरा आणि एक डोळा मिटा. अंगठ्याची रुंदी सुमारे २ अंश, बंद मूठ सुमारे १० अंश, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत सुमारे २० अंश. लहान मुलांचा हात आखूड असतो तसा पंजाही लहान असतो, म्हणून हे माप त्यांनाही चालतं. तुमच्या नेहमीच्या जागेवर बसून वीत ताणा आणि पट तिच्यात मावतो का बघा. माझा सल्ला असा की पटाची एक बाजू दीड मुठीपासून एका वितीपर्यंत असावी, फार तर वितीहून दोन बोटं जास्त. हे कुठल्या नियमावलीतलं नाही, तपासण्यांमधून आणि खेळातून आलेलं माझं मत आहे. त्यामागचं कारण मात्र डोळ्याच्या रचनेत आहे, आणि ते समजलं की मुलीच्या उंटाचंही उत्तर मिळतं.

आपल्याला वाटतं की अख्खा पट स्वच्छ दिसतोय. तसं नसतं. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक इवलासा खळगा आहे, त्याला फोव्हिया म्हणतात. अगदी बारीक तपशील फक्त तिथे उमटतो, आणि त्याची व्याप्ती ताठ हाताच्या अंगठ्याएवढी, म्हणजे सुमारे दोन अंश. लॅपटॉपवर हे जेमतेम एक घर झालं. बाकीची त्रेसष्ट घरं कडेच्या नजरेने दिसतात, आणि कडेला तीक्ष्णता भराभर उतरते. मधल्या बिंदूपासून १० अंश दूर गेलात की ती साधारण पाचवा हिस्सा उरते. डोळा सेकंदाला तीनचार उड्या मारतो, प्रत्येक थांब्यावर पाव सेकंदाच्या आसपास टेकतो, आणि मेंदू हे तुकडे जोडून अख्खा पट दिसल्याचा भास उभा करतो.

मग पट मोठा केला तर कडेची मोहरी स्पष्ट दिसायला हवीत ना? बहुतेक पालक इथेच फसतात. मोहऱ्यांचा आकार ही अडचण मुळातच नाही. मोबाईलवरचं सहा मिलिमीटर उंचीचं प्यादं ३० सेंटीमीटरवरून ६९ कला मोठं दिसतं. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ज्याची नजर ६/६ आहे तो ५ कलांचं अक्षर वाचतो. म्हणजे मोबाईलवरचं सगळ्यात लहान मोहरंसुद्धा किमान गरजेच्या तेरा-चौदा पट मोठं आहे. थेट त्याच्याकडे पाहिलं तर निरोगी डोळ्याला ते ओळखण्यात कसलीही अडचण नाही.

अडचण गर्दीची आहे. कडेच्या नजरेत एखादी आकृती एकटी असेल तर ओळखता येते, पण शेजारी तशाच आकृत्या आल्या की सगळ्याची खिचडी होते. हर्मन बाउमा या डच संशोधकाने १९७० साली याचं एक ढोबळ माप दिलं: नजरेच्या बिंदूपासून वस्तू जितकी दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतराच्या आत शेजारी असेल तर तो गोंधळ घालतो.

हे पटावर मांडून पाहू. घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी रांग, ए ते एच, आणि आकडा म्हणजे आडवी रांग, १ ते ८. काळ्याचा राजा जी८ वर, उंट जी७ वर, प्यादी एफ७, जी६ आणि एच७ वर. किंग्ज इंडियन नावाचं ओपनिंग खेळणाऱ्याला ही रचना पाठ असते. आता तुमची नजर डी४ वर आहे. डी४ ते जी७ हे तिरकं अंतर सव्वाचार घरांचं. त्याचं निम्मं म्हणजे दोन घरांहून थोडं जास्त. उंटाचे सगळे शेजारी एक ते दीड घराच्या आतच उभे आहेत. म्हणजे डी४ वर नजर ठेवून जी७ वर काहीतरी काळं आहे एवढंच कळतं. उंट की प्यादं, हे खात्रीने कळत नाही. नेमका डी४ वर तो उंट रोखलेला असतो आणि तोच दिसत नाही.

आता स्क्रीन बदला. मोबाईलवर डी४ ते जी७ अंतर कमी झालं, पण शेजाऱ्यांमधलं अंतरही त्याच प्रमाणात कमी झालं. ३२ इंचीवर दोन्ही वाढली. गुणोत्तर तेच राहिलं, गर्दीही तेवढीच राहिली. पट कितीही ताणला तरी डी४ वरून जी७ चा उंट उलगडत नाही.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. संगणकावर पट मांडायची सोय बुद्धिबळाच्या बहुतेक साइटवर असते. वर सांगितलेली रचना लावा, मुलीला डी४ वर नजर खिळवायला सांगा, आणि तिने डोळे मिटलेले असताना जी७ वर कधी उंट, कधी प्यादं ठेवा. डोळे उघडल्यावर नजर न हलवता तिला ओळखायला सांगा. मग हाच खेळ मोबाईलवर करा आणि मोठ्या मॉनिटरवर करा. जी७ च्या आसपासची मोहरी काढून एकटा उंट ठेवून पाहा, म्हणजे फरक लगेच लक्षात येईल. दहा मिनिटांत मुलीला जे कळेल ते नुसत्या "लक्ष देऊन खेळ" म्हणण्याने वर्षभरात कळणार नाही.

तेव्हा तिला उंट न दिसण्याचा दोष मोबाईलच्या आकाराकडे फारसा जात नाही. तिची नजर त्या कोपऱ्यापर्यंत जातच नाही, हा खरा मुद्दा आहे. नवखा खेळाडू जिथे झटापट चालली आहे तिथेच पाहत राहतो. २००१ साली एयाल राइनगोल्ड, नील चार्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंच्या नजरेच्या हालचाली यंत्राने टिपल्या. तरबेज खेळाडूंची नजर मोहऱ्यांवर टेकण्याऐवजी बऱ्याचदा मोहऱ्यांच्या मधल्या रिकाम्या घरांवर टेकत होती आणि तिथून आजूबाजूची काही मोहरी एकदम टिपत होती. मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली की त्यांचा हा फायदा राहत नसे. त्याच्या बऱ्याच आधी, १९७३ साली, विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी पाच सेकंद पट दाखवून खेळाडूंना तो आठवून मांडायला लावला होता. खऱ्या डावातली स्थिती मास्टर दर्जाच्या खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी चांगली मांडली, आणि अस्ताव्यस्त मांडणीत तो फरक जवळजवळ संपला. दोन्ही प्रयोगांचा अर्थ एकच: जाणकाराचा डोळा वेगळा नसतो, त्याच्या ओळखीच्या आकृत्या जास्त असतात. काळा जी८-जी७-जी६ असा किल्ला करून बसला आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला जी७ चा उंट दिसावा लागत नाही. तो तिथे असणारच हे त्याला आधीच ठाऊक असतं.

म्हणून मुलीसाठी माझा पहिला उपाय फुकटचा आहे. प्रतिस्पर्ध्याची चाल झाली की आपली चाल शोधण्याआधी नजर एकदा दोन्ही मोठ्या कर्णांवरून न्यायची, ए१ ते एच८ आणि एच१ ते ए८, आणि समोरच्याचे उंट आणि वजीर कुठे बसलेत ते मनात म्हणायचं. सुरुवातीला हे दहा-पंधरा मिनिटांच्या रॅपिड डावांत करायचं. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये ही सवय लागत नाही, तिथे लागलेली सवय फक्त वापरली जाते.

मग स्क्रीनच्या आकाराने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण दोन टोकांना. मधल्या पट्ट्यात, म्हणजे मी वर सांगितलेल्या दीड मुठी ते एक वीत यांच्या दरम्यान, तो नगण्य आहे.

लहान टोकाला पहिली अडचण बोटाची. साडेआठ मिलिमीटरच्या घरावर मोठ्या माणसाचं बोट टेकलं की घर पूर्ण झाकलं जातं आणि शेजारचंही थोडं. अँड्रॉइडसाठी ॲप बनवणाऱ्यांना बोटाने दाबायची जागा सुमारे ९ मिलिमीटर ठेवायला सांगितलं जातं. मोबाईलवरचं घर त्याच्याही किंचित आतच बसतं. मोहरं ओढत नेताना ते भलत्याच घरात सुटण्याचे प्रकार म्हणूनच होतात. यावर उपाय सेटिंगमध्ये आहे: मोहरं ओढण्याऐवजी आधी मोहऱ्यावर आणि मग घरावर टिचकी मारायची. वेळ किंचित जास्त लागतो, पण वजीर शेजारच्या घरात पडत नाही. मोठ्या डावात चाल पक्की करण्याचं बटणही चालू ठेवावं.

मॉनिटरवर माऊसने खेळताना मात्र गंमत वेगळी आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवलं की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ अंतर आणि लक्ष्याचा आकार यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. पट दुप्पट केला तर अंतरही दुप्पट, घरही दुप्पट. हिशेब जागच्या जागी. त्यामुळे मोठ्या पटावर हात लवकर चालेल ही आशा ठेवू नका. उलट अंतर वाढल्यावर माऊस उचलून परत ठेवावा लागला तर बुलेटमध्ये, म्हणजे एकदोन मिनिटांच्या डावात, घड्याळ तिथेच खातं.

मोठ्या टोकाला अडचण मानेची. समोर बघत असताना डोळे दोन्हीकडे पंधरा-वीस अंशांपर्यंत सहज फिरतात. त्यापलीकडचं पाहायचं झालं की डोकं आपोआप वळतं. तुमच्या ३२ इंचीवर ए१ ते एच८ हा प्रवास ४७ अंशांचा आहे; लॅपटॉपवर तो २० अंशांचा होता, मुलीच्या मोबाईलवर १६ अंशांचा आहे. शिवाय घड्याळ पटाच्या उजवीकडे, आणखी लांब. म्हणजे तीन मिनिटांच्या डावात तुम्ही प्रत्येक चालीला मान थोडी थोडी हलवत आहात आणि घड्याळाकडे बघायचं टाळत आहात. रेटिंग का घसरलं याचं सगळं उत्तर यात आहे असं मी म्हणणार नाही, पण मान का दुखते याचं बरंचसं आहे.

यात वयाचा भाग मिसळतो. ४७ व्या वर्षी डोळ्यातलं भिंग पूर्वीसारखं फुगत नाही. जवळचं पाहण्याची ताकद वयाप्रमाणे किती उरते याचं हॉफस्टेटर यांचं एक जुनं आणि आजही वापरात असलेलं सूत्र आहे: साडेअठरा वजा वयाचे तीन दशांश, उत्तर डायॉप्टरमध्ये. (१०० ला सेंटीमीटरमधल्या अंतराने भागलं की त्या अंतरावर पाहायला किती डायॉप्टर लागतात ते मिळतं.) तुमच्या मुलीला सुमारे १४.९ मिळतात, तुम्हाला ४.४. न थकता सतत वापरता येते ती साधारण निम्मी. तुमची २.२ डायॉप्टर म्हणजे ४५ सेंटीमीटर. त्याहून जवळ काहीही धरलं की डोळे ओढले जातात. मोबाईल ३० सेंटीमीटरवर धरला तर ३.३ डायॉप्टर मागतो. ६० सेंटीमीटरवरचा मॉनिटर १.७ मागतो. म्हणून तुमच्यासाठी मोबाईलवर बुद्धिबळ नको आणि मॉनिटर हवा, हे बरोबरच आहे. फक्त तो लांब हवा.

चाळिशीचा चष्मा लागला असेल तर त्याचीही चौकशी करा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वरून दूरचं, मधून मॉनिटरच्या अंतरावरचं आणि खालून वाचायचं दिसतं, आणि मधली पट्टी अरुंद असते. मोठा मॉनिटर उंच ठेवला की त्याचा वरचा भाग काचेच्या दूरच्या भागातून दिसतो, तिथे आठवी रांग धूसर पडते, आणि माणूस नकळत हनुवटी वर करून मधल्या पट्टीतून बघायला लागतो. तासभर असं खेळलात की मानेचा मागचा भाग आखडणारच. बायफोकल असेल तर हे आणखी जाणवतं. रोज तास-दीड तास खेळणाऱ्याला मी मॉनिटरच्या अंतराचा वेगळा चष्मा सुचवते. त्याचा नंबर वाचनाच्या चष्म्यापेक्षा कमी असतो. वाचनासाठी दूरच्या नंबरावर जेवढी भर घातलेली असते, त्याच्या साधारण निम्मी भर पुरते. एकसंध काच असल्याने अख्खा पट एकसारखा दिसतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर मात्र जास्तीचे पैसे घालू नका. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात, साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं आढळलं नाही.

थोडासा सिलिंड्रिकल नंबर अंगावर काढणारे लोकही खूप भेटतात. दिवसा चालून जातं, पण रात्री दिवे मालवून काळ्या पार्श्वभूमीवर खेळायला बसलं की बाहुली मोठी होते आणि उजळ मोहऱ्यांच्या कडा फाकतात. पांढऱ्या घरावरचं पांढरं मोहरं अशा वेळी सगळ्यात आधी हरवतं. खोलीत दिवा चालू ठेवा, तो स्क्रीनमध्ये चमकणार नाही अशा बाजूला, आणि पटाचा रंग असा निवडा की पांढरी मोहरी फिकट घरांपासूनही वेगळी दिसतील. लाकडाच्या रेघा, संगमरवर, चकाकणारी मोहरी यांचा दिखाऊपणा ब्लिट्झमध्ये महाग पडतो. साधा हिरवा किंवा तपकिरी पट आणि ठसठशीत काळी बाह्यरेषा असलेली मोहरी उत्तम. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांनी शहाचा आणि शेवटच्या चालीचा रंग वेगवेगळा ओळखू येतो ना, एवढं जरूर तपासावं.

शेवटच्या चालीची घरं रंगवून दाखवण्याची सोय कधीही बंद करू नका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण चांगले खेळाडूसुद्धा पट मोकळा दिसावा म्हणून ती बंद करतात. कडेच्या नजरेला आकार नीट ओळखता येत नसला तरी हालचाल चटकन कळते. समोरच्याचा घोडा हलला की तुमचं लक्ष आपोआप तिकडे ओढलं जातं. पण ती चाल नेमकी तुम्ही घड्याळाकडे नजर टाकताना, किंवा पापणी मिटत असताना झाली, तर हालचालीचा तो इशारा पोचतच नाही. मग समोर घडलेला मोठा बदलही डोळ्यांसमोर असून दिसत नाही. रेन्सिंक, ओरेगन आणि क्लार्क यांनी १९९७ साली प्रयोगांतून हे ठळकपणे दाखवलं होतं: दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर कोरी स्क्रीन आली की माणसं मोठमोठे फरक शोधत बसतात. म्हणून मोहरं सरकण्याची गती शून्य न ठेवता जलद ठेवावी, आणि रंगवलेली घरं चालू ठेवावीत. घड्याळ पटाच्या जितकं जवळ तितकं बरं. मोबाईलवर ते पटाच्या लगेच वरखाली असतं, हा मोबाईलचा एक खरा गुण आहे.

पापणीवरून आठवलं. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या मिटण्याचं प्रमाण बरंच खाली येतं, आणि वेळेच्या कात्रीत सापडलेला खेळाडू तर पापणी मिटतच नाही. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, मधूनच धूसर दिसतं आणि पापणी मिटली की परत स्वच्छ दिसतं. हे लक्षण ओळखा. नंबर वाढला म्हणून घाबरू नका. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या जराशी खाली ठेवली की पापणी थोडी खाली येते आणि डोळ्याचा उघडा भाग कमी होतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. दर डावानंतर खिडकीतून लांबवर नजर टाकायची, निदान वीस सेकंद, आणि दोनचारदा पापण्या पूर्ण मिटायच्या. हरल्या हरल्या रागात लगेच दुसरा डाव सुरू करणाऱ्यांना याचा दुहेरी फायदा होतो.

आता परत मुलीकडे. तिच्या डोळ्यांत ताकद भरपूर आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे, कारण तिला त्रास जाणवत नाही. बारा-तेरा वर्षांची मुलं पलंगावर लोळून मोबाईल २० सेंटीमीटरवर आणतात. तिथे डोळा ५ डायॉप्टर सतत ओढत असतो. वाढत्या वयात तासन् तास असं जवळून बघण्याचा आणि मायनस नंबर वाढण्याचा संबंध दिसून आला आहे, आणि दिवसा मोकळ्या उजेडात वावरण्याने हा नंबर लागणं लांबतं हेही. माझ्याकडच्या प्रत्येक बुद्धिबळपटू मुलाला मी रोज दोन तास बाहेर घालवायला सांगते. मैदानावर खेळा, गच्चीवर फिरा, काहीही करा, पण छताखाली नको.

टॅबबद्दल विचारलंत, तर १० इंची टॅब स्टँडवर ठेवून ४० ते ४५ सेंटीमीटरवरून खेळणं तिच्यासाठी चांगलं. पट १३-१४ सेंटीमीटरचा येतो, म्हणजे अठराएक अंश, वितीच्या आत. घर पावणेदोन सेंटीमीटरचं, बोटाला पुरेसं. पण टॅबही पलंगावर जाणार असेल तर तो घेऊन काही मिळवलं नाही. तुमचा जुना लॅपटॉप आणि एक साधा माऊस तिच्या टेबलावर ठेवलात तरी काम होईल, आणि ते मला जास्त पसंत आहे.

ती जिल्हा किंवा राज्य स्पर्धा खेळणार असेल तर आणखी एका गोष्टीची, खऱ्या पटाची, तयारी हवी. २०२० च्या टाळेबंदीत फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने ऑनलाइन ऑलिंपियाड घेतलं. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता, नागपूरची दिव्या देशमुख संघात होती, आणि भारताला रशियासोबत संयुक्त सुवर्ण मिळालं. ही मंडळी स्क्रीनवर आणि खऱ्या पटावर सारख्याच सहजतेने खेळतात. पण जी मुलं फक्त स्क्रीनवर शिकली, ती पहिल्यांदा खऱ्या पटावर बसली की बावरतात, आणि त्याला दृष्टीचं कारण आहे. स्पर्धेच्या पटाचं घर ५ ते ६ सेंटीमीटरचं आणि राजा साडेनऊ सेंटीमीटर उंच असतो. पट ४४ सेंटीमीटरच्या आसपास, आणि आपण तो वरून न बघता तिरका बघतो. बसल्या जागेवरून जवळची कड डोळ्यांपासून सुमारे ५० सेंटीमीटरवर आणि समोरची ८० सेंटीमीटरवर येते. म्हणजे आठव्या रांगेतली घरं पहिल्या रांगेच्या तुलनेत अरुंद आणि चपटी दिसतात, आणि मधला उंच वजीर मागचं प्यादं झाकतो. स्क्रीनवर चौसष्ट घरं सारखी असतात, ही चैन इथे नसते. मोठे कर्ण तिरके होऊन वळल्यासारखे भासतात, आणि आधीच न दिसणारा उंट आणखी दडतो.

त्रिमितीय पटाचं सेटिंग लावून ही तयारी होते असं काही प्रशिक्षक सांगतात. मला ते पटत नाही. स्क्रीन सपाटच असते, डोळ्यांना खोलीचा खरा अंदाज तिथे मिळत नाही, आणि वर मोहरी एकमेकांआड जाऊन गर्दी वाढते. त्यापेक्षा कोडी स्क्रीनवर वाचून खऱ्या पटावर मांडून सोडवावीत. रोज चार-पाच कोडी पुरेत. मोहरं हातात धरून घरात ठेवताना नजर प्रत्येक घरावर जाते, आणि कर्णावरून नजर फिरवायची सवय इथे सगळ्यात पक्की बसते.

मॉनिटर विकू नका. तो टेबलावर मागे सरकवा, डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर. मग साइटवर पटाचा कोपरा ओढून पट २५ सेंटीमीटरचा करा. तो बरोबर वितीएवढा, २० अंशांचा होतो. खिडकी अशी लावा की पट स्क्रीनच्या मधोमध येईल, आणि गप्पांची चौकट वगैरे बंद करा. आठवडाभर नजरेला ते लहान वाटेल. नंतर मान हलायची थांबेल.

चष्म्यासाठी जाल तेव्हा नुसतं "कॉम्प्युटरवर काम असतं" असं सांगू नका. घरी टेप घेऊन डोळ्यांपासून मॉनिटरपर्यंतचं अंतर मोजा, बसल्यावर मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या वर येते की खाली ते बघा, हे आकडे लिहून न्या आणि तपासणाऱ्याला त्याच अंतरावर तक्ता धरायला सांगा. मुलीला सोबत न्या. तिचं डोकं दुखत नसलं तरी बाहुली मोठी करणारं औषध घालून तिचा नंबर एकदा बघून घ्या, कारण या वयात डोळ्याची ताकद लहान नंबर सहज लपवते, आणि औषधाशिवाय केलेल्या तपासणीत तो निसटू शकतो. त्या दिवशी तिला बराच वेळ, औषधानुसार कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही, जवळचं धूसर दिसेल, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी ही तपासणी ठेवू नका.